तिघांची गाडी

अण्णा बिराजदारांनी चपला काढून बाहेर नीट जोडून ठेवल्या, गाडीच्या मागच्या सीटवर ते आडवे झाले, गुडघे पोटाशी घेतले, उपरणं तोंडावर ओढलं आणि गप्प पडून राहिले.

शोरूममधला सेल्समन आधी हसला. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं. माझ्याकडे वळून तो दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, त्यांना बरं वाटत नाहीये का?"

"बरं नसतंच त्यांना," मी म्हटलं. "पण आत्ता ते गाडी बघतायत."

"झोपून?"

"परत जाताना आम्हाला आडवंच व्हावं लागतं."

त्याला काही उलगडा होईना. तेव्हा शेजारी आपल्या घडीच्या चाकाच्या खुर्चीत बसलेल्या दस्तगीर चाचांनी शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे धरला. कोपराजवळ फुगलेली शीर आणि तिच्यावरच्या दोन ताज्या पट्ट्या. "डायलिसिस," चाचा म्हणाले. "आताच करून आलोय. हे अण्णा, ह्या बाई आणि मी. तिघंबी."

सेल्समन पन्नाशीचा, जाड मिशांचा माणूस होता. शहाजी पोळ त्यांचं नाव. आधी बरीच वर्षं ट्रॅक्टर विकत होते, हे नंतर कळलं. त्यांनी एकदा आम्हा दोघांकडे पाहिलं, एकदा गाडीतून बाहेर आलेल्या अण्णांच्या पावलांकडे पाहिलं, आणि हातातलं रंगीत माहितीपत्रक घडी करून खिशात टाकलं.

"मग तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "गाडीत काय काय बघायचं ते."

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी जतच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होते. दोन्ही मूत्रपिंडं बसल्यामुळे दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा मिरजेला जावं लागत होतं. जतमध्ये तेव्हा सोय नव्हती. मिरज म्हणजे जवळपास ऐंशी किलोमीटर. जायचं, चार तास मशीनला जोडून घ्यायचं आणि परत यायचं. अण्णा निवृत्त ग्रामसेवक, चाचा बाजारपेठेतले शिंपी. आमची ओळख जतला नव्हे, मिरजेच्या त्या हॉलमध्ये शेजारशेजारच्या खाटांवर झाली. एकाच गावची माणसं म्हणून आम्ही मिळून एक जीप ठरवली होती. पण येताना कुणाला तरी उलटी व्हायची, कुणाच्या पायात गोळे यायचे, मग गाडी थांबवा, पाणी मारा. जीपवाला कंटाळला आणि एके दिवशी यायचाच बंद झाला. तेव्हापासून सकाळी एसटी आणि परत येताना मिळेल ते वडाप. वडापमध्ये चौदा माणसांत चाचांची खुर्ची कोण घेणार? टपावर बांधायची.

शेवटी अण्णांनीच हॉलमध्ये, मशीनवर असताना, जाहीर केलं, "आपली गाडी घ्यायची. तिघांत मिळून. संपला विषय." गाडी चालवायचा प्रश्न चाचांच्या मुलीनं, नसीमनं सोडवला. नसीम माझी जुनी विद्यार्थिनी. नकाशे सुरेख काढायची. बी.कॉम. होऊन घरी बसली होती आणि मोटार ट्रेनिंगला जाऊन तिनं रीतसर लायसन काढलं होतं. त्या दिवशी ती आमच्याबरोबर आली होती ती त्यासाठीच.

माझे यजमान दिनकर यांचं स्टेशनरीचं दुकान. त्यांना सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. ते सकाळी एवढंच म्हणाले होते, "बसायचं तुला आहे. तूच बघून ठरव."

अण्णा उठून बसले. "यप्पा," ते म्हणाले, "मान ठीक हाय, पण पाय दुमडून ठेवावं लागतंय. मला बसूनच यावं लागंल. आणि सीटचं कापड कसलंय हे? उलटी झाली तर निघतंय का?"

"रेक्झिनचं कव्हर टाकून देऊ," पोळ म्हणाले. "ओल्या फडक्यानं पुसलं की साफ."

"रेक्झिन उन्हात पाठीला चिकटतं," चाचा म्हणाले. शिंपी माणूस, कापडाचा विषय त्यांचा. "वर जाड सुती खोळ शिवतो मी. काढून धुता येईल अशी. तिची काळजी सोडा. तुम्ही डिक्की उघडा आधी."

डिक्कीसाठीच तर ही गाडी बघायला आलो होतो. त्याआधी एक आखूड, बिनडिक्कीची गाडी पाहिली होती. तिच्यात चाचांची खुर्ची ठेवायची तर मागची सीट पाडायला लागायची, मग आम्ही कुठे बसणार? मोठी लांब गाडी आमच्या आवाक्याबाहेर. ही मधली. कंपनीवाले तिला कॉम्पॅक्ट सेडान म्हणत. पुढून छान दिसायची. मागून मात्र शेपूट छाटल्यासारखी.

"हे असं का तोडल्यासारखं दिसतंय?" नसीमनं विचारलंच.

पोळांनी सारवासारव केली नाही. "लांबी चार मीटरच्या आत बसवली की कर कमी लागतो. म्हणून डिक्की आखडलीय. देखणी नाही म्हणायची. पण माल खाते."

चाचांना धरून बाकावर बसवलं आणि खुर्चीची घडी घातली. उभी जाईना. आडवी जाईना. नसीमनं पायटेकू काढले, खुर्ची तिरकी केली, आणि ती खट्कन आत बसली. शेजारी डब्याच्या पिशव्यांना जागाही उरली. चाचांचा चेहरा असा फुलला, जणू त्यांनाच कुणी मऊ गादीवर बसवलं होतं.

मग एकेक गोष्ट सुरू झाली. दारावरची धरायची मूठ चारी बाजूंना आहे का? ड्रायव्हरच्या डोक्यावर नव्हती. चालेल, नसीमला नको. मागच्या काचा पूर्ण खाली जातात का? दोन बोटं वर राहतात. उलटी करायला तेवढं तोंड बाहेर निघतं का? अण्णांनी काढून दाखवलं. शोरूममधलं एक नवं जोडपं हार घातलेल्या गाडीजवळ फोटो काढत होतं, ते थबकून आमच्याकडे बघायला लागलं. थंड हवा मागे पोचते का? पुढूनच येते, उशिरा पोचते. सीट किती खाली आहे? फार खाली आहे. चाचांना आत बसवणं सोपं गेलं, बाहेर काढताना मात्र नसीमला आणि पोळांना दोन्ही बगलांत हात घालून ओढावं लागलं.

"हा दोष मोठा आहे," पोळ स्वतःच म्हणाले. "उंच गाडी घ्या म्हणेन मी. पण तिच्यात मग ह्यांना चढवायला लागेल."

"चढण्यापेक्षा उतरणं बरं," चाचा म्हणाले. "बसताना मी मेलेला असतो. उतरताना घरी आलेलो असतो, थोडा जीव असतो."

पोळांनी मान डोलावली. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. त्यात वाईट काही नव्हतं, कुणालाही विचारला असता.

"पेट्रोल घेणार का डिझेल?"

"फरक काय?" अण्णांनी विचारलं.

"डिझेल घेताना महाग. आवाज थोडा जास्त. पण तुमचं पळणं भरपूर आहे. दोन-तीन वर्षांत जास्तीचे पैसे वसूल होतात, पुढे नुसता फायदा. पेट्रोल घेताना स्वस्त. गाडी लवकर काढून टाकायची असेल तर पेट्रोल बरी. किती वर्षं ठेवायचा विचार आहे गाडी?"

अण्णा उपरण्याची घडी घालायला लागले. चाचा डिक्कीकडे बघत बसले. नसीमनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. आमच्या त्या हॉलमध्ये दीड वर्षात किती खाटांवरची माणसं बदलली होती, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. कुणी कधी मोजत नसे.

पोळांच्या लक्षात आलं. त्यांचे कान लाल झाले.

"पेट्रोलच घेऊ," मी म्हटलं. "कशाला उगाच जास्त?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "आधी चालवून बघू," म्हणाले.

चालवून बघायची गाडी दहा किलोमीटर देतात. अण्णांनी ते उडवूनच लावलं. "आमचं घर ऐंशी किलोमीटरवर हाय. दहा किलोमीटरात गाडीचं काय कळतंय? लग्नाच्या पंगतीत पोरगी बघितल्यासारखं झालं ते." पोळ आत गेले, मालकांशी बोलले, बराच वेळ बोलले. परत आले ते किल्ली घेऊनच. "चला. जतपर्यंत सोडतो तुम्हाला. गाडी मी परत आणतो. माझं गाव वाटेवरच आहे, आईलाही भेटून येईन."

नसीम चालवायला बसली. अण्णा उंच म्हणून पुढे. मागे एका खिडकीशी चाचा, एका खिडकीशी मी. पोळ पुढे बसायला निघाले तर अण्णांनी हात आडवा केला. "न्हाई. रोज बसणार तसंच बसू. दिनकरराव नाहीतर आमची मंडळी कोणतरी संगं असतंयच. तुम्ही मधी बसा."

त्यामुळे गाडी विकणारा माणूस मागच्या सीटच्या मधोमध, पायांत तो उंचवटा घेऊन, गुडघे छातीशी धरून बसला. मिरज सुटेपर्यंत त्यांनी गाडीची तारीफ केली. पुढे आवाज कमी होत गेला. एका गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासलं तेव्हा त्यांनी डोळेच मिटले.

"पाच माणसं बसली की घासते," ते कबूल झाले.

"तिरकी घ्यायची, सर," नसीम म्हणाली आणि पुढचा गतिरोधक तिनं एकेक चाक चढवत हळूच ओलांडला. घासलं नाही. "बघा."

"आणि ही मधली जागा?" चाचांनी विचारलं.

"ही जागा," पोळ म्हणाले, "शत्रूलाही देऊ नये."

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. बाहेर फेब्रुवारीचं ऊन होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, त्यांच्या मधूनमधून हिरव्या जाळीच्या बेदाण्याच्या शेड. गाडी खरंच छान चालली होती. खड्डे जाणवत होते, पण जीपसारखे कवटीत नाही, कमरेतच विरत होते. मला आठवतंय, मी ते पोळांना सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कानांत शिट्टी वाजल्यासारखं झालं, बागा पिवळ्या झाल्या, आणि पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा मी पुढच्या सीटवर होते. सीट मागे पूर्ण आडवी केलेली. पाय वर, नव्या कोऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर. नसीम माझे तळवे चोळत होती आणि पोळ वहीनं वारा घालत होते. गाडी एका बेदाण्याच्या शेडच्या आवारात, बाभळीखाली उभी होती.

"बाई, बीपी पडलं होतं तुमचं," नसीम म्हणाली. "हे घ्या, मीठ. चिमूटभर जिभेवर ठेवा. पाणी दोनच घोट."

मी पाय काढायला गेले. "अहो, त्यांची गाडी खराब..."

"राहू द्या पाय," पोळ म्हणाले. "पुढची सीट एवढी सपाट होते हे मलाच माहीत नव्हतं. मी फक्त बटणं दाखवत होतो लोकांना."

ते बाजूला गेले. दार उघडंच होतं. मी पडून राहिले. डोळ्यांसमोरचं छत स्थिर झालं. बाहेर शेडचा मालक आला होता, गोरटेला तरणा गडी. आजारी माणसं आलीत म्हणून त्यानं कौतुकानं ताटलीभर ताजा, हिरवा बेदाणा आणला आणि तांब्याभर पाणी. बेदाणा आम्हाला बंद. त्यातलं पोटॅशियम आमच्या हृदयाला चालत नाही. आणि पाणी तर मोजून प्यायचं.

"नको," चाचा म्हणाले.

"न्हाई बाबा," अण्णा म्हणाले.

"अहो, औषध मारलेलं न्हाई. घरचाच हाय," तो बिचारा हिरमुसला. "पाव्हणं दारात आलं आन् पाणीसुदिक घेत न्हाईत, मग आमी काय वंगाळ माणसं हाय?"

शेवटी पोळांनी तिघांच्या वाटचा बेदाणा एकट्यानं खाल्ला. दुसरा मार्गच नव्हता.

मग बाभळीखाली त्यांची चर्चा सुरू झाली. मी झोपलेय असं समजून ते मोठ्यानंच बोलत होते.

"ठरलं तर," अण्णांचा आवाज. "बाईंची जागा पुढची. आपण दोघं मागं. चौथं माणूस असंल तर मधी बसंल आणि सोसंल."

"उन्हाळ्यात पुढं थंड हवा बी लागंल त्यांना," चाचा.

"जागा कायमची ठरवून टाकायची. रोज रोज भांडाण नको. खिडकी तुमची डावी, माझी उजवी. पावसाळ्यात माझ्या बाजूनं पाणी आलं तरी मी बोलणार न्हाई."

"काचा बंद असतात पावसाळ्यात, अण्णा."

"तरीपण सांगून ठेवतो."

"दिवाळीला काय करायचं?" चाचांनी विचारलं. "डायलिसिस तर दिवाळीलाबी असतंय."

"जायचं. येताना फराळ घिऊन यायचं."

"खायचं काय त्यातलं? निम्मं बंद हाय आपल्याला."

"वास घ्यायचा," अण्णा म्हणाले. "आणि ईदला तुमच्या घरचा खिमा बी बंद हाय, त्याचाबी वास घ्यायचा. मी लिंगायत माणूस, तसंबी वासच घेणार."

नसीम हसली. मग रंगावर गाडी आली. अण्णांना काळी पाहिजे होती. काळी गाडी दारात उभी असली की आमदार आल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. चाचांना डाळिंबी. "काळ्यावर आपल्या जतची धूळ कशी दिसंल? रोज पुसणार कोण? नसीम का?"

"पुसंल की. तिची गाडी हाय ती."

"काळा रंग उठून दिसतो," पोळही मध्ये पडले. "शोरूममध्ये तयारच आहे. आठ दिवसांत देतो."

"मग काळीच," अण्णा म्हणाले.

"काळी नको!" मी आतून ओरडले.

सगळे दचकून वळले. मी अजून आडवीच होते, पाय वर. पण आवाज माझा शाळेतला निघाला, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"काळी अजिबात नको. अहो, गाडी दवाखान्याबाहेर चार-चार तास उन्हात उभी राहणार. झाड आहे का तिथं एक तरी? मे महिन्यात काळ्या गाडीत आपल्याला हात लावता येईल का कुठं? चाचा, तुमची सुतीच काय, लोकरीची खोळ असली तरी पाठ भाजेल. दर उन्हाळ्यात कोण भाजून घेणार? मी नाही घेणार. पांढरी घ्या. गुपचूप पांढरी घ्या."

"आयतु, आयतु," अण्णा हात वर करून कानडीत कबूल झाले. "पांढरी तर पांढरी. तुम्ही रागावू नका, परत बीपी पडंल."

ते पुन्हा आपापसांत बोलायला लागले. मी मात्र छताकडे बघत राहिले, कारण मी काय बोलले ते मलाच आता ऐकू येत होतं.

मे महिन्यात मी या गाडीत असणार नव्हते. हे मी ठरवलं होतं. कुणाला बोलले नव्हते. दिनकरांना नाही, बहिणीला नाही, शेजारच्या खाटेवरच्या या दोघांना तर नाहीच. माझी मुलगी अनू दहावीला होती. मार्चमध्ये तिचा शेवटचा पेपर झाला की मिरजेला जाणं थांबवायचं. त्यात रडारड काही नव्हती. मी थकले होते, एवढंच. आठवड्यातले तीन दिवस मशीनचे, उरलेले त्या दिवसांतून सावरण्याचे. माझ्यामुळे दुकान बंद, घर बंद, पोरीनं अभ्यास सोडून माझ्या पायाशी बसायचं. हिशेब मला सरळ दिसत होता. गाडीला मी हो म्हटलं ते त्या दोघांची सोय व्हावी म्हणून. माझ्यामागे माझा हिस्सा त्यांना उपयोगी पडेल. आणि पेट्रोल म्हटलं ते त्यांच्याकडे पाहून नव्हे, माझ्याच उरलेल्या दिवसांकडे पाहून.

आणि आता मी दर उन्हाळ्याबद्दल भांडले होते. मनापासून भांडले होते. अंगात ताकद नव्हती तरी.

बाहेर अण्णा पोळांना विचारत होते, पांढऱ्या गाडीला निळी पट्टी ओढून मिळेल का. मला ती कल्पना इतकी भयंकर वाटली की मी पाय खाली घेतले, दाराची मूठ धरली आणि उठून बसले. डोकं गरगरलं नाही.

"पट्टीबिट्टी काही नको," मी म्हटलं. "आणि डिझेल घ्या."

अण्णांनी मान कलती केली. "मगाशी तर पेट्रोल म्हणत होता."

"मगाशी गाडी बघितली नव्हती."

ते माझ्याकडे क्षणभर टक लावून बघत राहिले. त्यांना काय कळलं, किती कळलं, मी कधीच विचारलं नाही. ते नुसते पोळांकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "डिझेल लिवा हो. पांढरं. बाईंचं मत झालंय."

गाडी होळीच्या आधी घरी आली. अनूच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी मी त्याच गाडीतून मिरजेला गेले आणि परत आले. चाचांच्या हातची निळ्या चौकडीची खोळ पुढच्या सीटला अगदी शिवल्यासारखी बसली होती. पोट घासायचं ते घासतच राहिलं. मधल्या जागेवर बसून दिनकरांना पाठीचं दुखणं लागलं, ते अजून आहे. मागे हवा कधीच नीट पोचली नाही. पण ती गाडी एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, आणि आमच्यासारख्यांना गाडीकडून दुसरं काय पाहिजे असतं?

चाचा तीन वर्षांहून थोडे अधिक त्या गाडीत बसले. डिझेल वसूल झालं, आणि त्यानंतरही ते वर्षभर हसत आले-गेले. चौथ्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीनं मला मूत्रपिंड दिलं. तिच्या घरच्यांचं मन वळायला तेवढा काळ लागला, आणि तेवढा काळ मी होते म्हणून ते झालं. अण्णा मात्र सर्वांत चिवट निघाले. सहा वर्षं झाल्यावर त्यांनी पोळांना फोन करून सांगितलं, की गाडीचा टायर बदलला, मी अजून तोच आहे. पुढे तेही गेले, घरी, दुपारच्या झोपेत. गाडी नसीमकडेच राहिली. आता तिच्याकडे तीन गाड्या आहेत, दोन बायका ड्रायव्हर आहेत, आणि तालुक्यातल्या कुणालाही मोठ्या दवाखान्यात जायचं असलं की लोक आधी तिलाच फोन करतात.

पण त्या दिवसाचं म्हणायचं तर माझ्या डोळ्यांसमोर येते ती संध्याकाळ.

आम्ही जतला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आधी चाचांना सोडलं, मग अण्णांना. माझ्या दाराशी गाडी थांबली तर दिनकर पायरीवरच बसले होते. दुकान लवकर बंद केलं होतं. आत अनू बीजगणित सोडवत होती, तिच्या पुटपुटण्याचा आवाज बाहेर येत होता. पोळ चहालाही न थांबता गेले. मी पायरीवर दिनकरांच्या शेजारी बसले.

"कशी आहे गाडी?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले. सीट किती खाली आहे ते सांगितलं, पोट कसं घासतं ते सांगितलं, पोळ मध्ये कसे बसले, बेदाणा कसा खाल्ला, काचा दोन बोटं वर राहतात, मागून गाडी कशी बुटकी दिसते, डिक्कीत खुर्ची कशी खट्कन बसली. चक्कर आल्याचंही सांगितलं, पण मधेच, ओझरतं. ते ऐकत होते. इतकं मी कितीतरी दिवसांत बोलले नव्हते, हे मला बोलता बोलता जाणवलं.

"एवढे दोष," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे घ्यायची नाही?"

"घ्यायची. पांढरी. डिझेल."

दूर टेकडीवरच्या पवनचक्क्या संथ फिरत होत्या.

"डिझेल म्हणजे पुष्कळ वर्षं वापरावी लागत असेल," ते म्हणाले.

"हो."

"वापरणार आहेस?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग अगदी साध्या आवाजात, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसे, म्हणाले, "गेले दोन महिने तू अनूला पुरण शिकवते आहेस. लोणच्याचं प्रमाण सांगते आहेस. कुठल्या डब्यात काय ठेवलंय ते दाखवते आहेस. तिची परीक्षा तोंडावर असताना. मी बघत होतो. काही बोललो नाही."

आत अनूचं पुटपुटणं चालूच होतं.

"आता अभ्यास करू दे तिला," ते म्हणाले.

मी उठले. भिंतीला धरून आत गेले आणि अनूला सांगितलं, की उद्यापासून परीक्षा होईपर्यंत तिनं स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. पोरीला इतका आनंद झाला, की असं का, हे विचारायचंसुद्धा तिला सुचलं नाही.